आजीच्या डब्यातले रुपये: आधी ओळख, मग दर्जा

प्रश्न: गेल्या वर्षी माझी आजी गेली. तिच्या देवघरातल्या पितळी डब्यात जुनी नाणी निघाली. राणीछाप १८६२चे दोन रुपये, पंचम जॉर्जचे पाच (त्यातला एक १९११चा), १९३९चा एक रुपया, तांब्याच्या सात-आठ शिवराया आणि राम दरबार असलेला १८१८चा 'अर्धा आणा'. एका दुकानदाराने चांदीचे रुपये 'व्हीएफ (व्हेरी फाइन) आहेत' म्हणत जवळपास चांदीच्या भावानेच मागितले. नेटवरचे फोटो पाहून मला ते 'एक्सएफ', म्हणजे त्याहून वरच्या दर्जाचे, वाटतात. अर्ध्या आण्याला लाखो रुपये मिळतात असा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला आहे. भाऊ म्हणतो, चिंच लावून सगळी चकचकीत करू, मग भाव येईल. मला विकायची घाई नाही, उलट हा छंद पुढे न्यावासा वाटतो. पण दर्जा ठरवायचा कसा, तेच कळत नाही. शिवाय अमेरिकेतल्या भाच्याला आठवण म्हणून राणीचा एक रुपया द्यायचा आहे.
एक वाचक, वाई

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी भावाच्या हातातली चिंच काढून घ्या. लिंबू-मीठ, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, यातलं काहीही त्या नाण्यांच्या वाटेला जाऊ देऊ नका. चांदीवर चढलेला काळपट, कधी निळसर-जांभळा थर हा मळ नसतो. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो वर्षानुवर्षं तयार झालेला असतो आणि जाणकार संग्राहक त्याचे जास्त पैसे मोजतात. घासलं की या थराबरोबर धातूची वरची कातडीही निघते. नाणं दिव्याखाली तिरकं धरलंत की घासलेल्या नाण्यावर केसासारखे बारीक, एकाच दिशेचे ओरखडे दिसतात. ते एकदा उमटले की कायमचे. मग ते नाणं कितीही कमी झिजलेलं असो, दर्जा ठरवणाऱ्या संस्था त्याला आकडा देत नाहीत, 'साफ केलेलं' असा शेरा देऊन मोकळ्या होतात.

देवघरातला डबा म्हणता, म्हणजे लक्ष्मीपूजनाला ही नाणी ताम्हनात येत असणार. तेव्हा हळदकुंकू आणि तेलाचा थर असेल. तो काढायचा तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, बाहेर काढून मऊ सुती कापडावर ठेवा आणि वरून कापड नुसतं टेकवून पाणी टिपून घ्या. पुसायचं नाही. तेलकटपणा राहिलाच तर शुद्ध ॲसिटोन चालतं, पण खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे ॲसिटोन नव्हे, त्यात रंग आणि सुगंध मिसळलेला असतो. एवढ्याने जे निघणार नाही ते राहू द्या.

आता तुमच्या भांडणाकडे येते. व्हीएफ की एक्सएफ, हा प्रश्न तुम्ही आणि दुकानदार दोघांनीही फार लवकर काढलात. नाणं नेमकं कुठलं, कुठल्या टाकसाळीचं, कुठल्या साच्याचं हे ठरल्याशिवाय दर्जाला अर्थ येत नाही. पंचम जॉर्जचा १९१८चा झिजलेला रुपया आणि सहाव्या जॉर्जचा १९३९चा तितकाच झिजलेला रुपया यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून आधी ओळख.

घरी तीन वस्तू आणा: दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि व्हर्नियर कॅलिपर. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५च्या रुपयापासून १९३९पर्यंत चांदीच्या रुपयाचं प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. बरीच वर्षं वापरलेला रुपया ११.४ किंवा ११.५ भरू शकतो. पण ठसठशीत दिसणारा रुपया साडेदहा ग्रॅम भरला तर तो खरा नाही, एवढं नक्की. चुंबक लावून पाहा, चांदी चिकटत नाही. नाण्याच्या कडेवर बोटाचं नख फिरवा. ओतीव बनावट नाण्याला कडेवर सांध्याची बारीक रेघ असते आणि भिंगाखाली पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. ठशाने पाडलेल्या नाण्यावर असे खड्डे नसतात.

राणीच्या रुपयांवर इंग्रजीत 'व्हिक्टोरिया क्वीन' असेल. १८७७पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं. आता १८६२ साल बघून ते त्याच वर्षी पाडले असं समजू नका. १८७४पर्यंत रुपयावर १८६२ हेच साल छापलं जात राहिलं. मुंबईच्या टाकसाळीने सालाच्या आसपास बारीक ठिपके देऊन आपापले गट वेगळे ठेवले. हे ठिपके किती आणि सालाच्या वर की खाली, शिवाय राणीच्या पोशाखावरच्या नक्षीचे आणि मागच्या वेलबुट्टीचे प्रकार, या सगळ्यांवरून एकाच १८६२चे अनेक उपप्रकार पडतात. काही सर्रास मिळतात, काही शोधूनही सापडत नाहीत. तुमचे दोन्ही रुपये शेजारी ठेवून आधी ठिपके मोजा. बहुतेक दोन्ही वेगळे निघतील, आणि मग आठवडाभर दुसरं काही सुचणार नाही.

पंचम जॉर्जच्या रुपयांची टाकसाळ ओळखणं सोपं आहे. मागच्या बाजूला अगदी खाली जे कमळ आहे, त्याखाली बारीक उठावाचा ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. झिजलेल्या नाण्यावर हा ठिपकाही झिजतो, म्हणून उजेड बाजूने पाडून बघा. १९११चा रुपया मात्र वेगळा काढून ठेवा. राजाच्या झग्यावर एक साखळी आहे आणि तिच्यात एक हत्ती. पहिल्या वर्षी या हत्तीची सोंड आणि पाय इतके आखूड कोरले गेले की लोकांना तो डुक्कर वाटला. भावना दुखावल्या, नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२च्या साच्यात हत्तीला नीट सोंड आली. तुमच्याकडच्या १९११ आणि नंतरच्या एखाद्या रुपयावरचा हत्ती भिंगाखाली एकामागोमाग बघा. नाणी ओळखणं म्हणजे काय, ते या दोन हत्तींमधून जितकं चटकन कळतं तितकं कुठल्याही तक्त्यातून कळत नाही. १९११चा रुपया इतर सालांपेक्षा महाग आहे, पण मिळतो.

१९३९. ताई, इथे थोडं जपून. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया हे या मालिकेतलं सर्वांत मागणीचं नाणं आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त खोटं केलं जाणारं. नेहमीची युक्ती अशी: १९३८चा खरा रुपया घ्यायचा आणि शेवटच्या ८चा ९ करायचा. अशा नाण्याचं वजन बरोबर, चांदी बरोबर, कडही बरोबर, त्यामुळे काटा तुमच्या कामाचा नाही. भिंगच लागेल. १९३९ या सालात ९ दोनदा येतो, हे आपल्या फायद्याचं आहे. पहिला ९ आणि शेवटचा ९ यांची तुलना करा: पोटाची गोलाई, शेपटीची जाडी, उठाव. मग शेवटच्या ९च्या आजूबाजूचा सपाट भाग बघा. तिथे खरवडल्याचे ओरखडे, किंचित खोलगट भाग किंवा भोवतीपेक्षा वेगळी चमक दिसली तर आशा सोडा. कडही तपासा. १९३९पर्यंत कड साधी दातेरी आहे. १९४०पासून चांदी ५० टक्क्यांवर आली आणि कडेत मधोमध खाच असलेली 'सिक्युरिटी एज' आली. १९३९च्या रुपयाला अशी कड असेल तर पुढे बघायचीच गरज नाही. सगळं ठीक वाटलं तरी तो कुणालाही 'खरा आहे' म्हणून सांगू नका आणि विकूही नका. या मालिकेत मुरलेल्या दोन वेगवेगळ्या माणसांना दाखवा. ती माणसं एकमेकांचे भागीदार नसावीत. त्या दुकानदाराने हे एक नाणं किती आवर्जून मागितलं, की मुद्दाम बाजूला सारलं, हेही आठवून बघा.

राम दरबाराचा अर्धा आणा: हे चलनी नाणं नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८१८ साली राम, सीता, मारुती असलेला असा अर्धा आणा काढला नाही. कंपनीचा अर्धा आणा तांब्याचा, त्यावर कंपनीचं सिंहांचं चिन्ह आणि साल १८३५ किंवा १८४५. राम दरबाराचे हे टाक खूप नंतर, पूजेसाठी आणि यात्रेत विकायला तयार झाले. १६१६, १७१७, १७४०, अशी कुठलीही सालं त्यांवर सापडतात. देवघरात ठेवा, आजीची श्रद्धा त्यात आहेच. पण ते लाखांचे व्हिडिओ बंद करा. जुनी नाणी-नोटा घेतो, आधी कमिशन किंवा कर भरा, असं रिझर्व्ह बँकेच्या नावाने सांगणाऱ्या टोळ्यांबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर इशारा दिला आहे. आपण असे व्यवहार करत नाही आणि कसलंही शुल्क मागत नाही, असं बँकेने स्पष्ट केलं आहे. भावालाही हे वाचायला द्या.

शिवराया मला सगळ्यात जास्त मोहात पाडतात. वाईच्या घरात त्या निघाल्या याचं नवल नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. १६७४च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे नाणं महाराजांनंतर, पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलातही हातोहात फिरत राहिलं. म्हणून घरोघरी सापडणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या काळातल्या नसतात, विकणारा काहीही सांगो. अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी तर पेशवाईच्या उत्तरकाळातली. 'शिव', 'शीव', 'सिव' असे लेखनातले फरक, अक्षरांची धाटणी, ठिपके, चिन्हं, वजन, यांवरून प्रकार लावतात. त्या सात-आठ नाण्यांचा दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि अक्षरं जशी दिसतात तशी वहीत काढून घ्या. हाताने काढताना जे लक्षात येतं ते नुसतं बघून येत नाही.

आणि इथेच दर्जाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो, कारण शिवराईला तुमचं व्हीएफ-एक्सएफ लागूच पडत नाही. ती हाताने घण घालून पाडलेली आहे. तांब्याची चकती लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे एखादं अक्षर जन्मापासूनच बाहेर राहिलेलं असतं. तिथे बघायचं ते इतकंच: किती अक्षरं चकतीत पूर्ण बसली आहेत, ती किती खोल उमटली आहेत, तांबं खाल्लं गेलं आहे की नाही. 'श्री राजा शिव' हे सगळं एकाच नाण्यावर नीट वाचता आलं तर ते नाणं उत्तम, मग थोडं झिजलेलं का असेना. हिरव्या भुकटीसारखं काही बोटाला लागत असेल तर ती शिवराई इतरांपासून वेगळी ठेवा, ते धातू खाणारं गंज आहे. घट्ट बसलेला गुळगुळीत हिरवा-तपकिरी थर मात्र चांगला.

यंत्राच्या नाण्यांना, आपल्या आजोबांच्या भाषेत कलदारला, दर्जाची शिडी लागते. तिची नावं इंग्रजी असल्याने फसगत होते. 'गुड' म्हणजे चांगलं नाही, तर जेमतेम ओळखता येणारं. त्यावर व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन म्हणजे व्हीएफ, एक्स्ट्रीमली फाइन म्हणजे एक्सएफ, मग अबाउट अनसर्क्युलेटेड आणि शेवटी वापरातच न आलेलं अनसर्क्युलेटेड. १ ते ७०चे आकडे दिसतात ते शेल्डन मोजपट्टीचे. विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ती मांडली आणि पुढे पीसीजीएस (१९८६पासून) आणि एनजीसी (१९८७पासून) या दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थांनी ती जगभर रूढ केली. या संस्था नाणं प्लास्टिकच्या सीलबंद डबीत आकड्यासह देतात. अशी डबी विकत घेताना तिच्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळतो का ते बघा, कारण डब्याही बनावट येतात.

दर्जा म्हणजे झीज किती, एवढंच मुख्य. सुंदर दिसतं का, हा प्रश्न नाही. झीज नेहमी सगळ्यात उंच भागावर आधी होते. पंचम जॉर्जच्या रुपयावर हे उंच भाग म्हणजे भुवई, कानाचा वरचा काठ, मिशी, मुकुटाचा पट्टा आणि झग्यावरची साखळी. भुवई आणि कानाचा काठ किंचित चपटे, पण मुकुटातले खडे एकेक मोजता येतात, हत्ती स्पष्ट, तर ते एक्सएफकडे जातं. खडे काही दिसतात काही एकमेकांत मिसळले आहेत, कान दिसतो पण आतली वळणं पुसट, हत्तीची बाह्यरेषाच उरली आहे, तर व्हीएफ. कान म्हणजे नुसता उंचवटा आणि झग्यावर सपाट पट्टा, तर फाइन किंवा त्याखाली. दोन्ही बाजूंचा दर्जा वेगळा आला तर कमी असलेली बाजू धरायची.

तुमच्या हातातल्या नाण्यावर राजाचे केस दिसत नाहीत म्हणजे ते झिजलंच असं नाही. साचा जुना झाला किंवा दाब कमी पडला की नवं नाणंही पुसट उमटतं. फरक चमकेत आहे. न वापरलेलं नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं की चमकेचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्यावरून फिरतात आणि पुसट भागावरूनही जातात. झिजलेल्या उंच भागावर ही चमक तुटते, तिथे राखाडी, गुळगुळीत डाग दिसतो. पॉलिश केलेलं नाणं सगळीकडून सारखंच आरशासारखं चकाकतं, पण पट्टे फिरत नाहीत. 'यूएनसी' (अनसर्क्युलेटेड) म्हणून ऑनलाइन विकली जाणारी कितीतरी नाणी या तिसऱ्या प्रकारची असतात. आणि म्हणूनच नेटवरच्या फोटोंवरून तुम्ही ठरवलेलं एक्सएफ मी सध्या बाजूला ठेवते. स्थिर फोटोत चमक फिरत नाही.

आणखी एक तपासणी आपल्याकडच्या रुपयांना हवीच. नाण्याच्या माथ्यावर, कडेला बारा वाजण्याच्या जागी नीट बघा. पूर्वी रुपयाला कडी झाळून गळ्यात, कमरेला घालायची पद्धत होती. कडी काढून तिथे घासून गुळगुळीत केलेलं असतं, दातेरी कड तेवढ्याच भागात गायब असते. बाकी नाणं कितीही छान असलं तरी त्याची किंमत चांदीच्या जवळ येते. सराफाने खरेखोटेपणा तपासायला मारलेला छोटा ठसा किंवा काप असेल तरी तेच.

दुकानदाराबद्दल रागवू नका. घेताना दर्जा खाली आणि विकताना वर, हा सगळीकडचा धंदा आहे. तुम्हाला फक्त तळ माहीत हवा: ९१.७ टक्क्यांच्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते, १९४० ते ४५च्या रुपयात त्याच्या जवळपास निम्मी, ५.८ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणा. झिजलेल्या, सर्वसाधारण सालाच्या रुपयाला याच्या आसपास मागणी आली तर ती लूट नाही. १९११, १९३९ आणि १८६२चे उपप्रकार मात्र या हिशेबात धरू देऊ नका.

छंद पुढे न्यायचा म्हणता, तर एकच मालिका धरा. माझं मत विचाराल तर पंचम जॉर्जचे रुपये: मिळतात, परवडतात आणि दर्जा शिकायला त्यांच्याइतका चांगला चेहरा नाही. पाच आहेतच. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारा, पण पहिल्या काही फेऱ्यांत फक्त बघा. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं. दोन्हीकडे खरं नाणं बघून डोळा तयार होतो. रोजचा सराव पाकिटातल्या सुट्ट्यांवर करा: सालाखाली पत्त्यांतली चौकट तर मुंबई, पंचकोनी तारा तर हैदराबाद, गोल ठिपका तर नोएडा, काहीच नाही तर कोलकाता. १९८५च्या काही रुपयांवर 'एच' सापडेल, ते बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीत पाडलेले.

ठेवताना स्वस्तातल्या मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवू नका. त्यातल्या पीव्हीसीमुळे काही पावसाळ्यांत नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा, नाणं कायम कडेने धरा. प्रत्येकाची नोंद करा: साल, टाकसाळ, वजन, व्यास, दर्जा, आणि 'आजीच्या डब्यातलं' हेही. पुढच्या पिढीला त्याचं मोल असेल. आणि कधी शेतात, पायाखणतीत नाणी सापडली तर ती आपली म्हणून डब्यात टाकू नका. १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत गाडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

भाच्याचं मात्र तुम्ही म्हणता तसं करता येणार नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, टपालानेही नाही आणि सामानातूनही नाही. म्हणजे राणीचे रुपये, शिवराया, १९११चा आणि पंचम जॉर्जचे शंभरी ओलांडलेले इतर रुपये, हे सगळं इथेच राहील. त्याला राजाचं नाणंच द्यायचं असेल तर १९४७चा निकेलचा रुपया घ्या. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वाघ, स्वातंत्र्याच्या सालाचं नाणं, चुंबकाला चिकटतं म्हणून पोराला गंमतही वाटेल. बाजारात चांगल्या दर्जाचा सहज मिळतो. भाचा पुढच्या वेळी आला की बिलासकट त्याच्या हातात द्या.